साडेतीनशे हंडे

विल्सन साळवेने हातांना साबण लावला आणि नळ गेला. आधी घशात काही अडकल्यासारखा आवाज आला, मग धार बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली, चार थेंब पडले आणि नळाच्या तोंडातून नुसती फुंकर आली. तो हात पुढे धरून तसाच उभा राहिला. सकाळचे दहा वाजले होते. एप्रिल महिना, साल बहात्तर. नगरकडे सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवलेली. नळ जाण्यात नवल काहीच नव्हतं. घरचा नळ एक दिवसाआड यायचा आणि आला की त्याची बायको, कृपा, हॉस्पिटलातून येऊन आधी घागरी बघायची, मग नवऱ्याकडे. पण ऑफिसातला हा नळ आजवर कधी गेला नव्हता. आणि अर्ध्याच तासापूर्वी, याच हातांनी, त्याने अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं : पाणी – खात्रीचे. ‘खात्रीचे’ हा शब्द लिहिताना त्याला फार बरं वाटलं होतं. त्याचं अक्षर मुळातच चांगलं, त्यातून हा शब्द तर छापल्यासारखा उमटला होता. आता तळहातांवरचा फेस बसत चालला होता, बोटांच्या बेचक्यांत कातडी ताणत होती, आणि पांढरे हात घेऊन एक बेचाळीस वर्षांचा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता.

जिल्ह्यातल्या पाच सहकारी साखर कारखान्यांनी मिळून एक गणकयंत्र भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं. कुठल्या सभासदाचा ऊस कधी तोडायचा, गाड्या कुठे पाठवायच्या, कुणाच्या उसाला साखरेचा उतारा किती, हे सगळं भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून यंत्राकडून काढून घ्यायचं. असलं यंत्र तोवर जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. विल्सनने पाहिलं होतं. अकरा वर्षं लष्कराच्या सिग्नल्समध्ये काढून तो पुण्याला एका कंपनीत लागला होता आणि तिथे तीन वर्षं असल्या यंत्राच्या शेजारी बसला होता. यंत्र कसं चालतं हे सांगणारे पुष्कळ होते. ते कुठे ठेवायचं हे सांगणारा तो एकटाच, म्हणून त्याला बोलावून घेतलं होतं. यंत्राला न तुटणारी वीज लागते. खोली थंड लागते, बाहेर कितीही ऊन असो. खोली थंड ठेवणाऱ्या शीतयंत्राला पाणी लागतं. आणि या तिन्हींसाठी कागद लागतात. परदेशी यंत्राचा परवाना हातात होता, पावसाळ्यात ते बोटीने मुंबईला उतरणार होतं. चार महिने हिंडून विल्सनने नगर शहरातलीच, सावेडीच्या अंगाची, एक जागा पक्की केली होती. विजेच्या दोन वेगळ्या लाइनी तिथून जात होत्या. नळजोडणी मंजूर झाली होती. चौदा परवानग्या त्याने एका फाइलीत तारखेवार लावल्या होत्या, आणि आज दुपारी चार वाजता कारखान्यांच्या समितीपुढे ती फाइल ठेवायची होती.

“नळ गेला व्हय?” मागून आवाज आला. ऑफिस झाडणारी रंगुबाई दारात उभी होती. पन्नाशीची, उंच, कपाळावर मोठं कुंकू. तिने त्याचे हात पाहिले आणि तिला हसू आलं. “थांबा. हालू नका.” ती गेली आणि एक ॲल्युमिनियमची बरणी घेऊन आली. “धरा हात.”

“हे कुठलं पाणी?”

“घरचं. प्यायला आनती मी. धरा म्हनलं ना.”

तिने फार बेताने पाणी ओतलं. एका हाताच्या बोटांवरून ओघळलेलं पाणी दुसऱ्या हातावर पडेल असं. असं पाणी ओतणं ही एक विद्याच असते हे त्याच्या लक्षात आलं. तांब्याभर पाण्यात दोन्ही हात मनगटांपर्यंत स्वच्छ झाले.

“आमची गल्ली तुमच्या त्या प्लॉटच्या मागंच हाय,” बरणीचं झाकण लावत ती म्हणाली. “तिथं मशीन येनार म्हनत्यात. त्याला पानी लई लागतंय म्हनत्यात. खरं का?”

“लागतं थोडं.”

“थोडं म्हंजी किती?”

आकडा त्याच्या जिभेवरच होता. “रोजचे बाराशे गॅलन.”

“हंड्यात सांगा की.”

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. पुण्यात साहेब लोक त्याच्या या तोंडी हिशेबावर खूश असत. गॅलनचे लिटर, लिटरचे हंडे. “साडेतीनशे. दहावीस इकडे तिकडे.”

“साडेतीनशे हंडे!” रंगुबाईने हात कमरेवर ठेवला. “मशीन न्हातं का काय?” आणि ती मोकळेपणी हसली. तोही हसला. मग तिने सहज, केरसुणी उचलता उचलता विचारलं, “रोज?”

“रोज.”

ती केर काढत पलीकडच्या खोलीत गेली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला काय सांगायचं हे त्याला ठाऊक होतं. चार महिने तो तेच करत होता. हे यंत्र आलं की ऊस शेतात वाळणार नाही, वशिल्याने कुणाची तोड आधी लागणार नाही, हे तो कळकळीने सांगायचा आणि ते खरंही होतं. पण ‘रोज?’ या प्रश्नाला कळकळ लागू पडत नव्हती. तो खुर्चीवर येऊन बसला. फाइल उघडली. नळजोडणीच्या मंजुरीचा कागद पाचवा होता. त्यावर सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. त्याने तो उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल. मंजुरी खरी होती. मंजूर करणाऱ्याने त्याला फसवलं नव्हतं. पाणी असेल तर ते यंत्राला द्यायला हरकत नाही, एवढंच त्या कागदाचं म्हणणं होतं. पाणी असेल की नाही, हे विचारायचं काम विल्सनचं होतं. तो कागदाला पाणी समजून बसला होता. सिग्नल्समध्ये त्याने पोरांना किती वेळा सांगितलं होतं, नकाशावर तार दाखवली आहे म्हणजे तार आहे असं नाही, जाऊन हाताने ओढून बघा. अहवाल टायपिस्टकडे द्यायचा होता. त्याने तो ड्रॉवरमध्ये ठेवला, सायकल काढली आणि प्लॉटवर गेला.

रस्ता तापला होता. डांबरावर चाकं चिकटत होती. प्लॉटवर काही नव्हतं, चार कोपऱ्यांना चार चुन्याचे दगड आणि मधे एक बाभूळ. तिच्या सावलीत उभं राहून त्याने चौफेर पाहिलं. इथून मिशनच्या चर्चचं टोक दिसायचं, त्याच्यामागे हॉस्पिटलचं लाल छप्पर, त्या छपराखाली या वेळी कृपा आपल्या शिकाऊ नर्सेसना पट्ट्या बांधायला शिकवत असणार. आणि आणखी डावीकडे, लिंबाच्या झाडाआड, त्याचं स्वतःचं भाड्याचं घर. ही जागा पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो इथेच उभा राहिला होता. जानेवारीची सकाळ होती, हवा कोवळी होती, आणि त्याच्या मनात आलं होतं, वा! घरातून पायी सात मिनिटं. विजेच्या दोन लाइनी त्याला त्यानंतर दिसल्या होत्या. हे आता, बाभळीखाली, कुणीही न विचारता त्याने स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल करताना त्याला वडील आठवले. अब्राहाम मास्तर. पारनेरच्या बाजूला एका वाडीत मिशनने शाळा काढली तेव्हा जागा निवडायचं काम मास्तरांकडे आलं होतं आणि त्यांनी टेकडीवरची जागा निवडली होती. तिथून पंचक्रोशी दिसते म्हणून. शाळेत शिरणाऱ्या पोराला पहिल्यांदा जग किती मोठं आहे हे कळलं पाहिजे, असं ते म्हणत. फार सुंदर बोलत. विल्सनची आई, दीनाबाई, अकरा वर्षं त्या टेकडीवर पाणी चढवत होती. खालच्या ओढ्यातल्या झऱ्यातून, दिवसाला आठ खेपा, कधी दहा. ती कधी काही बोलली नाही. मास्तर माणूस दुष्ट नव्हते. ते स्वतःही घागर उचलत, पण रविवारी, उपासनेनंतर, आणि लोक बघत असताना. जागा चुकली असं ते मरेपर्यंत म्हणाले नाहीत. उलट त्या चढाने आईची तब्येत कशी खणखणीत राहिली ते सांगत. आईची मान शेवटी शेवटी डावीकडे कलली होती. विल्सनला त्या बोलण्याचा राग यायचा, आणि आता त्याला दिसलं की वडिलांचं अक्षरही छापल्यासारखंच होतं.

मग कुठे? हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि नवल म्हणजे तो घाबरला नाही. चार महिन्यांत त्याने जिल्हा पालथा घातला होता. कुठल्या गावात किती पाणी, कुठल्या तारेत किती वीज, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शिर्डीकडची एक जागा, राहुरीकडची एक, काष्टीच्या पुढची एक, सगळ्या त्याने पाहून नाकारल्या होत्या. तो बाभळीखाली उकिडवा बसला आणि प्रत्येक जागेला पुन्हा आठवू लागला, आणि काष्टीपाशी येऊन त्याचं मन अडलं. काष्टीच्या पुढे, घोड नदीच्या अंगाला, पाचांपैकी एक कारखाना होता. फेब्रुवारीत, ऐन गाळपाच्या दिवसांत, तो तिथे गेला होता. कारखाना त्याला तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवला होता, जिथे मोठाल्या बंद कढयांत रस आटवून साखरेचा दाणा धरतात. तिथे कारभारी नावाचा एक पॅनमन होता, साठीच्या घरातला, उघड्या अंगाने, खांद्यावर टॉवेल. काचेच्या पट्टीवर दाण्याचा ठिपका घेऊन तो उजेडाकडे धरून बघत होता. त्याने विल्सनला एका नळीपाशी नेलं. नळीतून कडकडीत पाणी वाहत होतं, वाफाळत.

“ह्ये पानी कुठलं, वळखा बरं.”

“कॅनॉलचं,” विल्सन म्हणाला होता.

“न्हाई. उसातलं.” कारभाऱ्याला भारी मौज वाटत होती. “धा गाड्या ऊस आला म्हंजी सात गाड्या पानीच आलं समजा. आमी ते उडवून लावतो अन् साखर ठिवतो. लोक म्हनत्यात कारखाना पानी पितो. आवो, गाळप चालू असंस्तवर कारखाना पानी देतो.”

“मग हे जातं कुठे?”

“बॉयलरला लागतं तेवढं घेत्यात. ऱ्हायलं ते फवाऱ्याच्या तळ्यात गार करून नाल्याला. आसं वाया जातंय बघा, रातध्याड.”

विल्सन हसला होता. अडाणी माणसाने आपल्या धंद्याची गंमत सांगितली की शिकलेली माणसं हसतात तसं. घड्याळ पाहिलं होतं. वहीत लिहून घेतलं नव्हतं. परतीच्या गाडीत त्याने लिहिलं होतं ते असं : भुश्शाची धूळ, यंत्रांची थरथर, शहरापासून अंतर. जागा अयोग्य. आता ती नळी त्याला इतकी स्पष्ट दिसली की वाफेचा गोडसर, जळकट वास नाकाशी आला. तो उठून उभा राहिला. पँटच्या मागे लागलेली माती झटकायचंही त्याला सुचलं नाही. गाळप असतं तेव्हा कारखान्यात पाणी असतं, ते उसातून येतं. गाळप असतं तेव्हा वीज असते, तीही उसाच्या चिपाडावर, घरच्या टर्बाइनवर. बाहेरची तार तुटली तरी ती तुटत नाही. आणि यंत्राला काम कधी असतं? गाळप असतं तेव्हाच! पावसाळ्यात ऊस शेतात उभा असतो, तेव्हा यंत्राने करायचं काय? दिवसाला दोन तास. त्याला बोर्डाची वीज आणि वसाहतीचं पाणी पुष्कळ. दुष्काळाने ऊसच आला नाही तर पाणी येणार नाही, खरं आहे. पण मग मोजायलाही काही असणार नाही. इतके दिवस तो यंत्राकडे पाणी कसं आणायचं, वीज कशी आणायची याचा विचार करत होता. काम, वीज आणि पाणी तिन्ही एकाच दिवशी जिथे आपल्या पायांनी येतात तिथे यंत्र नेऊन ठेवायचं, एवढंच होतं ते. आणि धूळ? वारा पश्चिमेचा. खोली पश्चिमेला, चारशे फुटांवर, दोन दारांची. थरथर तिथवर पोचत नाही. नवी नळजोडणी नको, कारखान्याचं पाणी कारखान्याच्या आवारातच राहणार. चौदापैकी नऊ परवानग्यांची गरजच उरत नव्हती. फाइलीतून नऊ कागद काढून टाकायचे या कल्पनेने त्याला एकदम हलकं वाटलं. पण अंतर तेवढं उरत होतं. ते कमी करता येण्यासारखं नव्हतं. यंत्र तिथे म्हणजे माणूस तिथे. चर्चचं टोक, लाल छप्पर, लिंबाचं झाड. त्याने पुन्हा एकदा सावकाश पाहून घेतलं.

दोन वाजेपर्यंत त्याने हाताने तीन पानं लिहिली. टाइप करायला वेळ नव्हता. अक्षर यावेळी घाईचं, वाकडं आलं.

समितीचे अध्यक्ष गोरक्षनाथराव, सगळे त्यांना तात्या म्हणत, स्वतः एका कारखान्याचे चेअरमन होते. धोतर, काळी टोपी, शाळा सातवी, आणि कागद न वाचता माणूस वाचायची सवय. उरलेल्या चार कारखान्यांचे चार जण टेबलाभोवती होते. विल्सन उभा राहिला आणि त्याने पहिलं वाक्य तेच उच्चारलं जे सायकलवरून येताना चार वेळा म्हणून पाहिलं होतं. “नगरची जागा मी सुचवली होती. ती चुकली.”

तात्यांनी पान तोंडात एका बाजूला सारलं. “चार महिने तुमीच आमाला नगर नगर म्हनत हुता.”

“हो.”

“मंजुऱ्या मिळाल्या, समदं झालं.”

“मंजुऱ्या आहेत. पाणी नाही. आज आपल्या इथला नळही गेला. यंत्र आलं तर मागच्या गल्लीतल्या चाळीस घरांपुढचं पाणी आपण उचलणार, आणि तेही एक दिवस संपणार. मग यंत्र बंद आणि गल्लीही कोरडी.”

“मग?”

त्याने सांगितलं. उसातलं पाणी, चिपाडावरची वीज, दोन दारांची खोली, काष्टी स्टेशनपर्यंत रेल्वेने येणारं यंत्र, कार्डं आणायला प्रत्येक कारखान्याची एक जीप. आकडे त्याला हवे तेव्हा हवे तिथे येऊन उभे राहत होते, आणि टेबलाभोवतीची माणसं पुढे सरकून ऐकत होती. कारखाना सगळ्यांनाच माहीत होता, पण त्यातली ही गोष्ट त्यांना कुणी अशी मांडून दाखवली नव्हती. तरी अवघड प्रश्न यायचाच होता. नगर कुणाचंच नव्हतं, म्हणून नगर सगळ्यांना चालत होतं. काष्टीकडचा कारखाना ज्यांचा, त्यांचं आणि तात्यांचं गेल्या निवडणुकीपासून बोलणं नव्हतं. ते गृहस्थही समोरच बसले होते, छताकडे बघत.

“माज्या कारखान्यातबी उसाचंच पानी निघतं,” तात्या सावकाश म्हणाले. “तिथं का न्हाई?”

“तुमच्या टर्बाइनला वीज शिल्लक नाही, तात्या. दिवे लावायलाच जेमतेम पुरते. आणि थंड करायचं तळं तुमचं लहान आहे. दोन वर्षांनी नवा टर्बाइन बसवाल तेव्हा मीच येऊन सांगेन. आज नाही.”

तात्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. विल्सनने नजर हलवली नाही. नोकरी जाईल का, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याला जाणवलं की तो विचार फार मोठा नाही. त्याला हे काम येतं, आणि काम येणाऱ्या माणसाला कुठेतरी काम असतं.

“ह्ये उसाच्या पान्याचं तुमाला कुनी शिकवलं? पुन्याच्या कंपनीनं?”

“नाही. कारभारी नावाचा पॅनमन आहे तिकडे. त्याने फेब्रुवारीतच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही.”

तात्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी छताकडे बघणाऱ्या गृहस्थांकडे मान वळवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले, “तुमचा पॅनमन आमच्या सायबापेक्षा शाना निघाला की!” ते गृहस्थ हसू आवरेना म्हणून खोकले. आणि मग तात्या विल्सनला म्हणाले, “तिथं जाऊन ऱ्हाईल कोन? लांबनं मशीन चालत न्हाई. आमच्यातलं कुनी ओळखत न्हाई त्याला.”

“मी राहीन,” विल्सन म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं की हे त्याने कृपाला विचारलेलं नाही.

घरी जाताना सायकल त्याने हातात धरून चालवली. ऊन उतरलं होतं. सभेत जमलं तसं बोलणं इथे जमणार नव्हतं, कारण कृपाला आकड्यांनी काही पटवता येत नसे. ती स्वतः आकड्यांतली बाई होती, नाडीचे ठोके, तापाचे अंश, थेंबाने मोजायची औषधं. तिला आकड्यांच्या मागचं माणूस आधी दिसायचं. ती ओट्यावर बसली होती, पाय धुतलेले, केस मोकळे. त्याने सगळं सांगितलं. नळापासून तात्यांपर्यंत. टेकडीबद्दलही सांगितलं, आईची मान कलली होती ते लग्नाला तेरा वर्षं होऊन तो पहिल्यांदा बोलला. शेवटचं वाक्य मात्र त्याने खाली बघून सांगितलं.

“मला न विचारता सांगून आलात,” ती म्हणाली.

“हो.”

“आज दुसऱ्यांदा चुकलात मग.”

“हो.”

“तिथे दवाखाना आहे?”

“कारखान्याचा आहे. एक कंपाउंडर बसतो.”

“आणि बायका बाळंत कुठे होतात?”

“अडलं तर बैलगाडीतून काष्टीला नेतात. ऊसतोडणीच्या बायका पाचटाच्या कोप्यांतच.”

“किती असतात हंगामात?”

त्याला माहीत नव्हतं. जिल्ह्यातली वीज आणि पाणी तोंडपाठ असलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं, आणि त्याने तसं सांगितलं. कृपाने केस बांधले. “माझी बॅच सप्टेंबरात परीक्षेला बसते. तोवर मी हलणार नाही. तुम्ही एकटे राहा. भाकरी करायला शिका. आणि तुमच्या तात्यांना विचारा, नर्स ठेवतात का. नुसती साळव्यांची बायको म्हणून मी यायची नाही. नेमणुकीचा कागद पाहिजे.”

“विचारतो. उद्याच.”

“नकाशा काढलात?”

दुपारी घाईत काढलेला कागद त्याने पिशवीतून काढून ओट्यावर पसरला. ती वाकून बघू लागली. तिचं बोट कागदावरून हळूहळू फिरत होतं. ही यंत्राची खोली, हे जोतं, ही दोन दारं, ही कार्डांची मांडणी, हे पाणी येण्याचं, हे जाण्याचं. सगळं मापासकट होतं.

“आणि आपण कुठे राहायचं?”

त्याने कागदाकडे पाहिलं. खोलीच्या पश्चिमेची बाजू कोरी होती. तिने त्याच्या खिशातली पेन्सिल काढली, त्याच्या हातात दिली आणि कागद त्याच्याकडे वळवला.

“दोन खोल्या,” ती म्हणाली. “आणि एक तिसरी. तिला बाहेरून वेगळं दार ठेवा.”